शिक्षेऐवजी केरसुणी

नाशिक रोडच्या जेल रोडवरून रोज हजारो माणसे ये-जा करतात. तिथल्या तुरुंगाच्या भिंतींआड १९३३ च्या फेब्रुवारीत, ९ ते १३ तारखेच्या अवघ्या पाच दिवसांत, एका राजकीय कैद्याने आपल्या आईच्या आठवणी कागदावर उतरवल्या. दिवसा तुरुंगाचे काम आणि रात्री लेखन. दोन वर्षांनी, १९३५ मध्ये, त्या आठवणींचे पुस्तक झाले : 'श्यामची आई'. लेखक पांडुरंग सदाशिव साने, वय तेव्हा तेहतीस. महाराष्ट्र त्यांना साने गुरुजी म्हणतो.

लेखक म्हणून, स्वातंत्र्यसैनिक म्हणून आणि पंढरपूरच्या उपोषणासाठी गुरुजी सर्वांना ठाऊक आहेत. मला मात्र त्यांच्या आयुष्यातली अमळनेरची सहा वर्षे अधिक खुणावतात. ते कधी मुख्याध्यापक झाले नाहीत. शिक्षक होते आणि शाळेच्या छात्रालयाचे प्रमुख होते. पण मुख्याध्यापकाच्या टेबलावर येतात ते सगळे प्रश्न त्यांच्यापुढे आले : मुलांचा गबाळेपणा, भांडणे, आजारपण, थकलेली फी, अभ्यासातली टाळाटाळ. आणि मुख्याध्यापक संध्याकाळी घरी जातो, छात्रालयाचा प्रमुख जात नाही. ते प्रश्न सोडवण्याची त्यांची जी रीत होती, ती कुठल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलेली नव्हती. ती पालगडच्या घरातून आली होती.

पालगड हे रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोलीकडचे गाव. तिथे २४ डिसेंबर १८९९ रोजी गुरुजींचा जन्म झाला. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरत चाललेले. वडील सदाशिवराव, आई यशोदाबाई. पुढे कर्ज वाढले, सावकाराच्या माणसाकडून घरातल्या बाईमाणसाचा अपमान झाला, घरावर जप्ती आली. गरिबी म्हणजे काय हे या मुलाला पुस्तकातून वाचावे लागले नाही. आणि त्या गरिबीत आईने मुलांना कसे वागवले, ते आपण 'श्यामची आई'मध्ये वाचतो.

त्यातल्या दोन-तीन आठवणी शिक्षकाच्या नजरेने पुन्हा वाचून पाहाव्यात. मुले दुसऱ्याआधी आपल्याला फुले मिळावीत म्हणून झाडावरच्या कळ्याच तोडून आणतात. आई फुले हिसकावून घेत नाही, झाडाचे आणि कळ्यांचे मुके दुःख मुलाला दिसेल असे बोलते. दुसरी आठवण अळणी भाजीची. स्वयंपाकात मीठ घालायचे राहून जाते. वडील काही न बोलता जेवतात, मुलेही जेवतात. आई शेवटी स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते. चूक झाली, पण चूक करणाऱ्याला पंक्तीत कुणी उघडे पाडले नाही, आणि तरीही ती तिच्यापर्यंत पोचली. तिसरी आठवण म्हाताऱ्या महार बाईची. तिच्या डोक्यावरची मोळी पडलेली, आणि विटाळाच्या भीतीने कुणी ती उचलून द्यायला तयार नाही. आई श्यामला मोळी उचलून द्यायला पाठवते आणि मग घरी येऊन अंघोळ कर म्हणून सांगते. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम पूर्ण सांगतो. त्या माऊलीने रूढी मोडली नाही, पण रूढीला माणुसकीच्या आड येऊ दिले नाही. मोळी आधी, अंघोळ नंतर. तिच्या मुलाने पुढे तो अंघोळीचा भाग गाळून टाकला.

पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला हीच आई शिंपटीने मारते, हेही पुस्तकात आहे. नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरून येतात. गुरुजींनी शिक्षक झाल्यावर आईचे भरलेले डोळे घेतले, शिंपटी घेतली नाही.

काही शिक्षण दापोलीच्या मिशन हायस्कुलात झाले. पैशांअभावी घरचे बळ संपले तेव्हा औंध संस्थानात शिक्षण मिळेल म्हणून ते तिकडे गेले, हाताने स्वयंपाक करून राहिले. तिथून पुण्याला नूतन मराठी विद्यालयात. १९१७ मध्ये आई गेली, आणि मुलगा पोचेपर्यंत सारे आटोपले होते. शेवटची भेट झाली नाही. ही रुखरुख त्यांना जन्मभर होती आणि माझ्या मते त्यांच्या वागण्याची अर्धी किल्ली तिच्यात आहे. आईसाठी करायचे राहून गेलेले सारे काही त्यांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी केले.

पदवीनंतर ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. श्रीमंत प्रताप शेठांच्या उदारतेवर उभी राहिलेली ही संस्था. तत्त्वज्ञान घेऊन ते एम.ए. झाले. पण नुसत्या तत्त्वचर्चेत त्यांचा जीव रमेना. १९२४ च्या जूनमध्ये त्याच गावातल्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक म्हणून रुजू झाले आणि लवकरच छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

खानदेशच्या खेड्यापाड्यांतून आलेली मुले. घर पहिल्यांदाच सुटलेले. अंथरूण तसेच पडलेले, कपडे कोपऱ्यात, कंदिलाची काच काजळीने काळी, खोलीत केर. कुठल्याही वसतिगृहाचे हे चित्र आजही फार बदललेले नाही, फक्त कंदिलाच्या जागी मोबाइलचे चार्जर आले. यावर उपाय काय? नियमावली लावणे, दंड करणे, पालकांना पत्र पाठवणे, ऐकत नाही त्याला काढून टाकणे. हे सगळे उपाय गुरुजींच्याही हातात होते.

त्यांनी केरसुणी हातात घेतली. मुले वर्गात असताना, आपला तास मोकळा असला की ते छात्रालयात जात. खोल्या झाडत, अंथरुणांच्या घड्या घालत, पुस्तके नीट लावत, कंदिलाच्या काचा पुसत. कुणाचे मळलेले कपडे दिसले तर धुऊन वाळत घालत. मुले परतत तेव्हा खोली लख्ख असे. कुणाला बोलणे नाही, कुणाचे नाव घेणे नाही. पहिल्यांदा मुलांना गंमत वाटली असेल. मग हे कोण करते ते कळले, आणि मग लाज वाटली. आपले शिक्षक आपला केर काढतात हे पाहणे कुठल्याही दंडापेक्षा जड होते. हळूहळू मुले स्वतःच खोली आवरून शाळेत जाऊ लागली. अळणी भाजीची ती पंगत इथे पुन्हा मांडली गेली, असे मला वाटते.

आजारी मुलाच्या उशाशी ते रात्र रात्र बसत. फीसाठी अडलेल्या मुलाचे पैसे पगारातून भरत, त्यामुळे स्वतःजवळ फारसे काही उरत नसे. आणि एक काम असे, जे करायला आजचा कुठलाही प्राचार्य वेळ नाही म्हणून हात वर करील. ते छात्रालयासाठी रोज एक हस्तलिखित दैनिक काढत. रात्री लिहायचे, सकाळी मुलांनी वाचायचे. त्यात देशोदेशीच्या थोरांच्या गोष्टी, बातम्या, छात्रालयातल्या घडामोडी. वर्गात बोलता येत नाही ते मुलांपर्यंत पोचवण्याची ही वाट होती. याच आवडीतून १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले.

उर्दूत दोन शब्द जोडीने वापरले जातात : तालीम आणि तरबियत. तालीम म्हणजे शिकवणे. तरबियत म्हणजे वाढवणे, वळण लावणे, मराठीत आपण संस्कार म्हणतो त्याच्या जवळचे. आमच्याकडची वडीलधारी माणसे एखाद्या मुलाबद्दल तक्रार करताना तालीम कमी पडली असे क्वचितच म्हणतात, तरबियत कमी पडली म्हणतात. गुरुजींच्या छात्रालयाला हा शब्द फार चपखल बसतो. शाळेत तालीम होई, तरबियत छात्रालयात होई, तीही उपदेशाने नाही.

आता एक आक्षेप, जो कुठल्याही अनुभवी मुख्याध्यापकाच्या मनात आलाच असेल. हे सगळे एका माणसाला शक्य आहे. हजार-बाराशे मुलांच्या शाळेत मुख्याध्यापक केर काढत बसला तर शाळा कोण चालवणार? आणि मुले निर्ढावली तर? एखादा रेक्टर उद्या पुस्तकात वाचून ही युक्ती करायला गेला तर मुले त्याला फुकटचा गडी समजतील, यात शंका नाही. आक्षेप खरा आहे. फरक एवढाच की गुरुजींकडे ती युक्ती नव्हती. मुले सुधारावीत म्हणून ते केर काढत नव्हते, मुलांची खोली घाण राहू नये म्हणून काढत होते. मुले सुधारली नसती तरी त्यांनी दुसऱ्या दिवशी केरसुणी घेतलीच असती. मुलांना हा फरक फार लवकर कळतो.

दोन मुख्याध्यापकांपुढे एकच प्रश्न ठेवा : मधल्या सुटीत एका मुलाच्या डब्याची चोरी झाली. ज्याच्या मनात शिस्त सर्वांत वरची, तो चोर शोधील. ज्याच्या मनात शाळेची अब्रू वरची, तो प्रकरण दाबील. गुरुजींसारखा माणूस आधी विचारील की आज डबा न आणलेली मुले किती आहेत. तिघांपुढची घटना एकच, पण प्रत्येकाला तिच्यात दिसलेला प्रश्न वेगळा. आपल्या शिक्षण खात्याच्या प्रशिक्षणांत प्रश्न सोडवण्याच्या पायऱ्या शिकवतात. प्रश्न कुठला दिसतो, हे मात्र माणूस घरून घेऊन येतो.

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला आणि गुरुजींनी नोकरी सोडली. छात्रालय सुटले ते कायमचे. पुढची अनेक वर्षे तुरुंगांच्या पत्त्यावर गेली. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात त्यांनी दक्षिणेतल्या सोबत्यांकडून तमिळची ओळख करून घेतली. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबा भावे दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते भराभर उतरवून घेत. आज 'गीता प्रवचने' म्हणून जे पुस्तक घरोघरी आहे ते त्या टिपणांमुळे आपल्या हाती आले. त्यानंतर नाशिकचा तुरुंग, आणि ते पाच दिवस.

नाशिककरांनी इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली जात होती तो काळ काळाराम मंदिर सत्याग्रहाचा. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला आणि दादासाहेब गायकवाडांनी नेटाने चालवलेला हा लढा पाच वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. १९३५ च्या ऑक्टोबरात येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. दाराबाहेर उभे राहून हक्क मागणाऱ्यांचे उत्तर ते होते. दाराच्या आत जन्मलेल्यांनी काय करायचे, हा प्रश्न वेगळा होता आणि तो अनेक वर्षे तसाच पडून राहिला.

गुरुजींनी त्याला हात घातला तो पंढरपुरात. विठ्ठल सर्वांचा म्हणायचे आणि दलितांना पायरीशी अडवायचे, हे त्यांना सहन होईना. त्यांनी प्राणांतिक उपोषणाचे ठरवले. सेनापती बापटांच्या सांगण्यावरून आधी लोकमत तयार करायचे मान्य केले आणि १९४७ च्या सुरुवातीला ते महाराष्ट्रभर फिरले. सोबत सेवा दलाचे तरुण, गाणी, सभा. गावोगावी मंदिरे आणि पाणवठे खुले झाले. पण पंढरपूरचे बडवे तयार होईनात. १ मे १९४७ ला उपोषण सुरू झाले. गांधीजींना हे उपोषण पटलेले नव्हते आणि त्यांनी तसे कळवलेही होते. गुरुजींनी नम्रपणे, पण ऐकले नाही. दहा दिवसांनी, दादासाहेब मावळणकरांच्या मध्यस्थीनंतर, मंदिर खुले करण्याचा निर्णय झाला आणि उपोषण सुटले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदाही झाला.

नीट पाहिले तर हेही छात्रालयच होते. केर दुसऱ्याने केलेला, झाडायला हात आपले. सवर्णांनी केलेल्या अन्यायाचे प्रायश्चित्त एका सवर्ण घरातल्या माणसाने स्वतःच्या देहाला द्यायचे, आणि ते पाहून इतरांना लाज वाटेल असा विश्वास धरायचा. बाबासाहेबांचा मार्ग हा नव्हता. माणसाचा हक्क कुणाच्या हृदयपरिवर्तनावर टांगून ठेवता येत नाही, हे त्यांचे म्हणणे मला आजही बिनतोड वाटते. पण पंढरपूरच्या दारापाशी ज्यांचे अंतःकरण हलायला हवे होते, ते हलवले गुरुजींनीच, हेही खरे.

रमजान आला की रोजा आणि उपोषण यांतला फरक मनात आल्याशिवाय राहत नाही. हिंदू मित्र कधीकधी दोन्ही एकच समजतात. रोजा कुणाच्या विरुद्ध नसतो आणि कुणाकडून काही मिळवण्यासाठीही नसतो. तो बंदा आणि अल्लाह यांच्यातला मामला. आजाऱ्याला सवलत, प्रवाशाला सवलत, राहिलेले रोजे नंतर पुरे करायची मुभा. आणि मुख्य म्हणजे रोजाला संध्याकाळ असते. पहाटे सहरी, मग दिवसभर भूक-तहान, आणि मगरिबची अजान झाली की खजूर हातात घ्यायचा. त्या वेळी विनाकारण उशीर करणेसुद्धा चांगले मानले जात नाही. देहाचाही हक्क आहे, आणि तो दररोज चुकता करायचा.

गुरुजींच्या आयुष्याला ही संध्याकाळ मिळाली नाही. इतरांच्या चुका आपल्यावर घेण्याची जी रीत अमळनेरच्या खोल्यांत इतकी सुंदर दिसली, तिला थांबायचे कुठे हे माहीत नव्हते. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली, मारेकरी महाराष्ट्रातला. गुरुजींनी प्रायश्चित्त म्हणून एकवीस दिवसांचे उपोषण केले, जणू तोही त्यांच्याच छात्रालयातला मुलगा होता. त्याच वर्षी १५ ऑगस्टला त्यांनी 'साधना' साप्ताहिक सुरू केले. १९४९ च्या पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीचे स्वप्न मांडले : एका प्रांताच्या मुलांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथली माणसे ओळखावीत. काम थांबले नव्हते. पण स्वतंत्र देशातला द्वेष, गरिबी, जातींची भांडणे, सगळ्याचा भार ते स्वतःवर घेत राहिले. ११ जून १९५० रोजी मुंबईत त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. वय पन्नास.

या शेवटाला काही जण हौतात्म्याचा रंग देतात. मला ते पटत नाही. अशा हळव्या माणसाला त्या दिवसांत कुणी हक्काने थांबवायला हवे होते, जसे ते स्वतः आजारी मुलाला औषध घेईपर्यंत सोडत नसत. मुलांसाठी जीव टाकणारे शिक्षक आजही आपल्या शाळांत आहेत, आणि त्यांच्याकडून आणखी थोडे, आणखी थोडे मागत राहण्याची आपल्याला सवय आहे. शिक्षक खोली झाडतो तेव्हा त्याच्या घरी चूल पेटली का, हे विचारणारा मुख्याध्यापक फार ठिकाणी नसतो.

गुरुजींचे एक पुस्तक त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. नाव 'इस्लामी संस्कृती'. इस्लामपूर्व अरबस्तान कसा होता, तिथे पैगंबर मुहंमद (स.) कसे वाढले, कसे जगले, हे त्यात आहे. कोकणातल्या ब्राह्मण घरातला हा माणूस शेजाऱ्याच्या धर्माकडे कुतूहलाने आणि आदराने बघतो. वाद घालायला नाही, ओळख करून घ्यायला. आंतरभारतीत प्रांतांचे जे करायचे होते तेच त्यांनी इथे धर्माचे केले.

उर्दू माध्यमातून आलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना मराठी वाचनाची धास्ती असते. त्यांना मी हे पुस्तक देतो. भाषा सोपी, वाक्ये छोटी, विषय घरचा. लेखकाचे नाव पाहून बहुतेक जण आधी 'श्यामची आई'वाले का, असे विचारतात. मी हो म्हणतो, आणि ते पुस्तक आपल्या नाशिक रोडला लिहिले गेले हेही सांगतो. जेल रोडला राहणाऱ्या मुलांनाही ते बहुधा ठाऊक नसते.